टीव्ही जाहिरातीचे शूट : रेकॉर्डिंग सेटिंग आणि डेटाची साठवण कशी ठरवावी?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

सातारा जिल्ह्यातील एका मसाला उत्पादकाची ३० सेकंदांची टीव्ही जाहिरात आमच्या छोट्या निर्मिती संस्थेकडे आली आहे. आजवर आम्ही माहितीपट आणि समाजमाध्यमांसाठीचे व्हिडिओ बरेच केले असले, तरी वाहिन्यांवर जाणारी जाहिरात प्रथमच करीत आहोत. शूट दोन दिवसांचे आहे. पहिल्या दिवशी वाईतील एका जुन्या वाड्यात कुटुंबाचे जेवण आणि स्वयंपाकघरातील प्रसंग घ्यायचे आहेत. दुसऱ्या दिवशी गोरेगावच्या स्टुडिओत मिरचीपूड पडतानाचे व फोडणी तडतडतानाचे स्लो मोशन शॉट आणि शेवटचा पॅक शॉट (पाकिटाचा शॉट) होईल. मुख्य जाहिरातीसोबत २० आणि १० सेकंदांच्या आवृत्त्या, तसेच मोबाइलसाठी उभी आवृत्तीही द्यायची आहे.

भाड्याने मिळणारा मुख्य कॅमेरा अ‍ॅलेक्सा मिनी आहे आणि दुसरा कॅमेरा म्हणून आमचा स्वतःचा सोनी एफएक्स३ वापरणार आहोत. निर्मात्यांचा आग्रह आहे की सगळे रॉमध्येच (सेन्सरच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) घ्यावे, कारण जाहिरात म्हटली की दर्जात कसर नको. आमच्या संकलकाचे म्हणणे असे की रॉमुळे डेटा इतका वाढेल की दोन दिवसांत तो सांभाळणेच अवघड होईल. शिवाय फ्रेम रेट २४ ठेवावा की २५, याविषयीही आमच्यात एकमत नाही. आमचे दिग्दर्शक २४ फ्रेमचा ‘सिनेमासारखा’ भास हवा म्हणतात.

कोणता कोडेक (चित्र साठवण्याची पद्धत), कोणते रिझोल्यूशन, कोणता फ्रेम रेट आणि किती हार्ड डिस्क, हे कोणत्या क्रमाने ठरवावे, यावर अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

लाइटमीटर

नमस्कार. तुम्ही प्रश्नातच क्रम विचारला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कॅमेऱ्यात काय काय शक्य आहे याची यादी समोर ठेवून सेटिंग ठरवू नये. वाहिनीकडे शेवटी कोणती फाइल जाणार आहे, ती आधी पाहावी आणि तिथून मागे यावे. आपल्याकडील एचडी वाहिन्यांना १९२० बाय १०८० ची, सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे ५० फील्डची इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डमध्ये विभागलेली) मास्टर फाइल लागते. वाहिनीचे तांत्रिक परिपत्रक एजन्सीकडून अथवा थेट प्रक्षेपण विभागाकडून आजच मागवून घ्या, कारण फाइलचा प्रकार, आवाजाची पातळी आणि सुरुवातीच्या स्लेटविषयीच्या (जाहिरातीची माहिती देणाऱ्या पाटीविषयीच्या) अटी वाहिनीगणिक बदलतात.

यातून फ्रेम रेटचा वाद लगेच मिटतो. ३० सेकंदांची जाहिरात २४ फ्रेमने घेतली, तर तिच्यात ७२० फ्रेम असतात. त्या २५ च्या गतीने चालवल्या की २८.८ सेकंदांत संपतात. जाहिरातीचा वेळ सेकंदांवर विकत घेतलेला असतो, त्यामुळे ही सव्वा सेकंदाची तूट भरून काढायला तुम्हाला एक तर फ्रेम कृत्रिमरीत्या वाढवाव्या लागतील किंवा संकलन पुन्हा करावे लागेल. शिवाय गती वाढल्याने संवाद आणि जिंगलचा सूरही वर सरकेल. २४ आणि २५ मधला फरक डोळ्याला जाणवत नाही. दिग्दर्शकांना हवा असलेला भास हा १८० अंशांचा शटर अँगल (प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो याचे माप), लेन्स, प्रकाश आणि डीआय (संकलनानंतरची रंगसुधारणा) यांतून येतो. तेव्हा दोन्ही कॅमेरे २५ वर ठेवावेत. ध्वनिमुद्रकालाही टाइमकोड २५ चाच सांगावा.

२५ फ्रेम आणि १८० अंश म्हणजे शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर दोन पूर्ण आवर्तने येतात आणि वाड्यातील साध्या ट्यूबलाइटखालीही चित्र लपलपत नाही. २४ फ्रेमवर हेच साधायचे, तर शटर १७२.८ अंशांवर न्यावे लागते. एफएक्स३ वर शटर अंशांत न ठेवता सेकंदांत ठेवला असेल, तर तो १/५० वर आहे ना, हे प्रत्येक सेटअपला पाहावे, कारण हा कॅमेरा हातात घेणारा माणूस दिवसभरात बदलत असतो.

स्लो मोशनमध्ये मात्र हे संरक्षण संपते. २०० फ्रेमवर १८० अंशांचा शटर १/४०० सेकंद होतो. एका फ्रेमला दिव्याच्या आवर्तनाचा एक तुकडाच मिळतो आणि मिरचीपुडीवरचा प्रकाश धडधडताना दिसतो. स्टुडिओत फ्लिकर-फ्री एलईडी किंवा मोठ्या शक्तीचे टंगस्टन दिवे मागवावेत. मोठ्या दिव्याची तार जाड असल्याने ती आवर्तनागणिक थंड होत नाही. २५ वरून २०० वर गेले की प्रकाश आठपट लागतो, म्हणजे पूर्ण तीन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट). लाइटची यादी देताना हा हिशेब गॅफरला (प्रकाशयोजनेच्या प्रमुखाला) आधीच सांगितलेला बरा.

पण खरोखर किती फ्रेम लागतील, याचा हिशेब फार थोडे लोक करतात. पडद्यावर फोडणीचा शॉट दोन सेकंद राहणार असेल, तर त्यात ५० फ्रेम दिसतील. २०० च्या गतीने घेतलेल्या ५० फ्रेम म्हणजे प्रत्यक्षातला पाव सेकंद. चमच्यातून सुटलेला मोहरीचा दाणा पाव सेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे चमच्यापासून कढईपर्यंतचा सगळा प्रवास या दोन सेकंदांत दिसेल. हाच शॉट हजार फ्रेमने घेतला, तर दोन सेकंदांत दाणा जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकेल आणि कढईपर्यंत पोहोचायला पडद्यावरचे दहा सेकंद जातील. हजार फ्रेम देणारा फँटम कॅमेरा तेल उडताना थेंबाचा मुकुट दाखवायला हवाच. फोडणी आणि मिरचीपुडीसाठी अ‍ॅलेक्सा मिनीचे २०० फ्रेम पुरेसे आहेत. २०० साठी तुम्हाला एचडी रिझोल्यूशनवर उतरावे लागेल आणि कोडेकही हलका घ्यावा लागेल. मास्टर एचडीच असल्याने त्यात काही बिघडत नाही, फक्त फ्रेम जागेवरच नेमकी बांधावी, कारण नंतर झूम करायला वाव उरत नाही.

आता रिझोल्यूशन आणि कोडेक. बाकीच्या सगळ्या शॉटसाठी ३.२ के, म्हणजे ३२०० बाय १८००, आणि प्रोरेझ ४४४४ (रॉपेक्षा कमी जागा घेणारा कोडेक) हे माझे स्पष्ट मत आहे. एचडी मास्टरच्या मानाने रुंदी पावणेदोन पटींच्या जवळपास असल्याने फ्रेम थोडी सरकवायला, थरथर काढायला वाव मिळतो. उभ्या आवृत्तीसाठी १८०० उंचीतून १९२० करताना सात टक्क्यांहून कमी वाढवावे लागते, जे मोबाइलवर ओळखू येत नाही. प्रोरेझ ४४४४ मध्ये लॉग-सी (फिकट दिसणारे, पण उजेड-सावलीचा तपशील राखणारे चित्र) घेतले की कॅमेऱ्याची जवळपास सगळी डायनॅमिक रेंज (सर्वांत गडद ते सर्वांत उजळ भागांपर्यंतचा पल्ला) डीआयसाठी हाती राहते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. प्रोरेझमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर इंडेक्स (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) चित्रात कायमचे मिसळतात. रॉमध्ये ते नंतर बदलता येतात. म्हणजे प्रोरेझ घेणाऱ्याने सेटवर शिस्त पाळली पाहिजे. इंडेक्स ८०० वर ठेवावा, प्रत्येक लाइटिंग बदलाला कलर चार्ट घ्यावा आणि त्याच प्रकाशात मसाल्याचे प्रत्यक्ष पाकीटही चार्टशेजारी धरून दहा सेकंद रेकॉर्ड करावे. डीआयच्या खोलीत ग्राहक सर्वांत आधी आपल्या पाकिटाचा लाल रंग पाहतो. तो ओळखीचा दिसला की पुढची चर्चा सोपी होते.

घाटमाथा

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर थोडा वेगळा आग्रह धरावासा वाटतो. मसाल्याच्या जाहिरातीत लाल रंग हाच नायक असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याला गडद, संपृक्त लाल सर्वांत अवघड जातो. लाल चॅनेल बाकीच्या दोहोंच्या कितीतरी आधी भरून जातो, वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) एकूण उजेड सुरक्षित दिसत असला तरी मिरचीपुडीच्या ढिगातील कण एकमेकांत विरघळतात आणि तो ढीग सपाट लाल कागदासारखा दिसू लागतो. म्हणून पॅक शॉट आणि मिरचीपुडीचा क्लोजअप तरी रॉमध्ये घ्यावा, असे मी सुचवेन. निर्मात्यांचा आग्रह पूर्ण चुकीचा नाही. तो सरसकट सगळ्या शूटला लावणे चुकीचे आहे.

मॉनिटरवर आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) लावून लाल चॅनेल वेगळा पाहावा, फक्त फॉल्स कलरवर (उजेडाची पातळी कृत्रिम रंगांत दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नये.

याच कारणाने एफएक्स३ ने लाल पाकिटाचे शॉट घेऊ नयेत. त्यातील ४के रेकॉर्डिंग १० बिट, ४:२:२ आहे आणि कुटुंबाच्या जेवणाचे, हातांचे, वाफेचे शॉट त्यावर उत्तम येतील. पण ४:२:२ मध्ये रंगाची आडवी माहिती उजेडाच्या निम्मी साठवली जाते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरांच्या कडांना तो फरक सर्वांत आधी दिसतो, विशेषतः ते शॉट कापून मोठे केल्यावर.

लाइटमीटर

घाटमाथा, मुद्दा रास्त आहे आणि मला मान्य आहे. पॅक शॉट तिपाईवर, नियंत्रित प्रकाशात आणि मोजक्या मिनिटांत होतो. तिथे अ‍ॅरीरॉ (म्हणजे याच कॅमेऱ्याचे रॉ) घेतल्याने डेटाचा बोजा फारसा वाढत नाही. मात्र २०० फ्रेमचे शॉट रॉमध्ये मिळणार नाहीत, तेव्हा पूड पडतानाचा शॉट प्रोरेझमध्येच राहील आणि तिथे लाल चॅनेल सांभाळायला अर्धा ते एक स्टॉप कमी एक्स्पोज करणे हाच उपाय आहे. मिनीवर अ‍ॅरीरॉसाठी वेगळे लायसन्स लागते. भाड्याने येणाऱ्या बॉडीत ते आहे का, हे कॅमेरा सेटवर आल्यावर कळून उपयोग नाही, रेंटलकडून आधीच विचारून घ्यावे.

डेटा टेबल

मी सेटवर डेटाचे काम करतो, त्यामुळे साठवणुकीविषयी लिहितो. आधी एक विनंती: ‘किती हार्ड डिस्क लागतील’ या प्रश्नाचे उत्तर जागेच्या हिशेबाने अर्धेच मिळते. उरलेले अर्धे वेळेच्या हिशेबाने मिळते, आणि बहुतेक छोट्या शूटमध्ये गोंधळ होतो तो त्या दुसऱ्या अर्ध्यातच.

आधी जागा. प्रोरेझ ४४४४ चा दर यूएचडीला (३८४० बाय २१६०) २५ फ्रेमवर सेकंदाला सुमारे ११०६ मेगाबिट आहे, ३.२ के साठी पिक्सेलच्या प्रमाणात तो ७७० च्या आसपास येतो. आठने भागले की सेकंदाला ९६ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ३५० जीबी. २५६ जीबीच्या कार्डावर साधारण ४४ मिनिटे मावतात. याच कॅमेऱ्यावर २.८ के अ‍ॅरीरॉ घेतले, तर २८८० गुणिले १६२० पिक्सेल, प्रत्येकी १२ बिट, म्हणजे फ्रेममागे सात मेगाबाइट. सेकंदाला १७५ मेगाबाइट आणि तासाला ६३० जीबी. तेच कार्ड २४ मिनिटांत भरते. एफएक्स३ चे ४के ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारे) रेकॉर्डिंग २५ फ्रेमवर सेकंदाला २५० मेगाबिटचे आहे, म्हणजे तासाला ११२ जीबी. २०० फ्रेमच्या एचडी प्रोरेझ ४२२ एचक्यूचा (४४४४ पेक्षा हलक्या कोडेकचा) दर मूळच्या १८४ मेगाबिटच्या आठपट होतो, तेव्हा ते शॉट छोटे असले तरी सेकंदाला १८४ मेगाबाइट गिळतात. स्लो मोशनचा हा भाग अंदाजपत्रकात हमखास राहून जातो.

तुमच्या शूटला हे लावून पाहू. मुख्य कॅमेऱ्यावर दोन दिवसांत तीन तासांचे रेकॉर्डिंग धरले तर १०४० जीबी. स्लो मोशनची २० मिनिटे धरली तर २२० जीबी. पॅक शॉटच्या रॉची १० मिनिटे म्हणजे १०५ जीबी. एफएक्स३ चे दीड तास म्हणजे १७० जीबी. बेरीज साधारण १५३५ जीबी. दिग्दर्शक ‘कट’ उशिरा म्हणणारे असतील, मुले असलेला प्रसंग असेल, तर हा आकडा सहज पाव हिश्शाने वाढतो. म्हणून एका प्रतीला २ टीबीच्या खाली जाऊ नये. सगळेच रॉमध्ये घेतले असते, तर फक्त मुख्य कॅमेऱ्याच्या तीन तासांनाच १.९ टीबी लागले असते आणि प्रत्येक प्रत ४ टीबीवर गेली असती.

आता वेळ. साधी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क मोकळी असताना सेकंदाला सव्वाशे मेगाबाइटच्या आसपास लिहिते आणि भरत आली की मंदावते. २५६ जीबीचे एक कार्ड तीवर उतरवायला ३५ मिनिटे आणि ते पुन्हा वाचून पडताळायला जवळपास तेवढीच, म्हणजे सव्वा तास. चांगल्या पोर्टेबल एसएसडीवर हेच काम पडताळणीसह २०-२५ मिनिटांत होते. सकाळी पहिले कार्ड भरेपर्यंत हा फरक जाणवत नाही, पण दुपारनंतर कार्डे एकापाठोपाठ येऊ लागली की हार्ड डिस्कवर काम करणारा माणूस मागे पडत जातो आणि चहाच्या वेळेला कॅमेरा अटेंडंट ‘रिकामे कार्ड द्या’ म्हणून टेबलाशी येऊन उभा राहतो. त्या क्षणी पडताळणी न करता कार्ड पुसण्याचा दबाव येतो. हा दबावच निर्माण होऊ नये, अशी व्यवस्था आधी केली पाहिजे. म्हणून सेटवर दोन एसएसडी आणि मुख्य कॅमेऱ्यासाठी निदान चार कार्डे असावीत. तिसरी प्रत रात्री शांतपणे हार्ड डिस्कवर घ्यावी.

कॉपी करताना फाइंडर किंवा एक्सप्लोररमधून ओढून टाकण्याची पद्धत बंद करावी. सिल्व्हरस्टॅक, ऑफशूट, शॉटपुट प्रो यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर चालेल. काहीच घेता आले नाही, तर दाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतील क्लोन टूलही चेकसमसह कॉपी करते. चेकसम म्हणजे फाइलच्या प्रत्येक बिटवरून काढलेला एक आकडा; कार्डावरच्या फाइलचा आणि डिस्कवरच्या फाइलचा आकडा जुळला, तरच प्रत खरी. फाइलचा आकार सारखा दिसला म्हणून प्रत झाली असे समजू नये. आतला एखादा तुकडा बिघडलेला असला तरी आकार तोच दिसतो.

माझ्या टेबलावरची पद्धत सांगतो. भरलेले कार्ड कॅमेऱ्यातून निघताच अटेंडंट त्यावर लाल टेप लावतो आणि टेपवर रोल क्रमांक लिहितो, उदाहरणार्थ ए००३. ते माझ्या हातात देताना तो क्रमांक मोठ्याने उच्चारतो, मी तो वहीत लिहितो. दोन्ही एसएसडीवर प्रत होऊन आकडे जुळल्याचा अहवाल आला, की मी प्रत्येक रोलमधील पहिली, मधली आणि शेवटची क्लिप उघडून पाहतो. त्यानंतरच लाल टेप काढून हिरवी लावली जाते. हिरवी टेप असलेले कार्डच कॅमेऱ्यात जाते आणि ते फॉरमॅट करायचे ते कॅमेऱ्यातच, लॅपटॉपवर कधीही नाही. टेप लावायचा आणि काढायचा अधिकार ठरलेल्या दोनच माणसांकडे असतो. मदत म्हणून तिसऱ्याने हात घालायचा नाही.

वाईला विजेची काळजी घ्या. जनरेटरवरून वाड्याच्या जोडणीवर किंवा उलट जाताना क्षणभर वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, पण बाहेरच्या विजेवर चालणाऱ्या कार्ड रीडर हबला आणि मोठ्या डिस्कला नसते, आणि एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइल मांडण्याच्या एका पद्धतीत) फॉरमॅट केलेली डिस्क लिहिता लिहिता बंद पडली की तिची सूची बिघडू शकते. डेटाच्या टेबलाला छोटा यूपीएस द्या आणि त्या यूपीएसवर दुसरे कोणी मोबाइल चार्जर लावणार नाही याकडे लक्ष ठेवा.

टाइमलाइन

संकलकाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी जोडतो.

कार्डावरची फोल्डरची रचना आणि फाइलची नावे जशीच्या तशी ठेवावीत. ‘मिरची पडताना चांगला टेक’ असे नाव देण्याचा मोह अनेक सहायकांना होतो. ऑफलाइन संकलन हलक्या प्रॉक्सीवर (मूळ फाइलच्या छोट्या प्रतींवर) होते आणि डीआयला जाताना मूळ फाइल नाव आणि टाइमकोडवरून शोधली जाते. नाव बदलले की तो दुवा तुटतो आणि प्रत्येक शॉट हाताने जुळवावा लागतो. टेकविषयीची टिपणे वहीत किंवा क्लिपच्या मेटाडेटामध्ये असावीत. प्रॉक्सी १०८० मध्ये, २५ फ्रेमच्या, रेक. ७०९ चा लट (लॉगचे चित्र टीव्हीच्या नेहमीच्या रंगांत दाखवणारी सारणी) लावलेल्या आणि मूळच्याच नावाच्या असाव्यात. एजन्सीला दाखवायला लॉगचे फिकट चित्र पाठवू नये. ते पाहून रंगांविषयी जे गैरसमज होतात, ते शेवटपर्यंत पुसले जात नाहीत.

स्लो मोशनच्या क्लिप कॅमेऱ्यातच २५ च्या प्लेबॅकवर नोंदवल्या जातील हे तपासावे, म्हणजे टाइमलाइनवर येताच त्या बरोबर गतीने चालतात. ध्वनी ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट.

उभ्या आवृत्तीचा विचार मॉनिटरवरच झाला पाहिजे. १६:९ च्या चौकटीत ९:१६ च्या दोन रेषा टाकून ठेवा. जेवणाच्या पंगतीचा रुंद शॉट उभ्या चौकटीत बसणारच नाही, हे सेटवर दिसले, तर त्याच जागी एफएक्स३ आडवा वळवून उभा शॉट घेता येतो आणि त्याला पाच मिनिटे लागतात. खालच्या बाजूला सूचनांची पट्टी आणि कंपनीचा लोगो येतो, त्यासाठीही जागा सोडावी. ३० सेकंदांत ७५०, २० मध्ये ५०० आणि १० मध्ये २५० फ्रेम असतात. १० सेकंदांच्या आवृत्तीसाठी पॅक शॉटच पंचाहत्तर फ्रेमचा लागतो, तेव्हा तो सलग आणि पुरेसा लांब घ्यावा.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. फ्रेम रेटचा २८.८ सेकंदांचा हिशेब दिग्दर्शकांना दाखवला आणि त्यांनी २५ मान्य केले. निर्मातेही पॅक शॉटपुरत्या रॉला तयार झाले आहेत.

अडचण एकच उरली आहे. दोन एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि चार कार्डे यांचा खर्च ऐकून निर्मात्यांनी विचारले की, प्रोरेझमध्ये घेतल्याने डेटा निम्म्यावर आलाच आहे, तर एकाच एसएसडीवर प्रत ठेवून मूळ कार्डे शूट संपेपर्यंत न पुसता तशीच ठेवली तर चालणार नाही का? तीच दुसरी प्रत समजता येईल.

डेटा टेबल

कार्डे न पुसणे ही उत्तम सवय आहे, परंतु तुमच्या हिशेबात ती बसत नाही. मुख्य कॅमेऱ्याचा डेटा १.३ टीबीहून अधिक आहे. २५६ जीबीची सहा कार्डे भाड्याने घ्यावी लागतील आणि त्यांचे दोन दिवसांचे भाडे एका एसएसडीच्या किमतीशी ताडून पाहावे. शिवाय शूट संपल्यावर कार्डे रेंटलकडे परत जातात आणि तिथे ती पुढच्या शूटसाठी लगेच पुसली जातात. त्यानंतर तुमच्याकडे एकच एसएसडी उरेल, आणि एसएसडी बिघडली तर हार्ड डिस्कप्रमाणे आधी आवाज करून इशारा देत नाही. लॅपटॉपला ती दिसेनाशी होते, एवढेच.

खर्च कमी करायचाच असेल, तर तो चित्राच्या बाजूने करा, प्रतींच्या बाजूने नको. वाड्यातील प्रसंगांसाठी ४४४४ ऐवजी ४२२ एचक्यू घेतले तर त्या भागाचा डेटा एक तृतीयांशाने घटतो, आणि टीव्हीवर तो फरक कुणालाही दिसणार नाही. दुसरी प्रत नसल्याचा फरक ज्या दिवशी दिसतो, त्या दिवशी दुरुस्तीचा मार्गच उरलेला नसतो. वाड्यातला तो प्रकाश, ते कलाकार आणि एजन्सीची मंडळी पुन्हा एकत्र आणायला जो खर्च येईल, त्यापुढे एसएसडीची किंमत नगण्य आहे.

दोन प्रती करणे जितके आवश्यक, तितकेच त्या वेगळ्या ठेवणेही. मला माहीत असलेल्या एका शूटमध्ये दोन्ही डिस्क नीट पडताळलेल्या होत्या, पण परतताना त्या एकाच पेटीत, एकाच टेम्पोत ठेवल्या गेल्या. पावसात ताडपत्री सुटून पेटीत पाणी गेले आणि दोन्ही एकदमच हातच्या गेल्या. वाईहून मुंबईला येताना एक एसएसडी दिग्दर्शकांच्या गाडीत आणि दुसरी निर्मात्यांच्या गाडीत असू द्या. तिसऱ्या प्रतीची हार्ड डिस्क पहिल्या रात्री वाईतच भरून घ्या आणि ती तुमच्या कार्यालयात ठेवा. दुसऱ्या दिवसाचा डेटा तीवर परतल्यावर चढवता येईल.

घाटमाथा

याला एक जोड. डेटा किती काळ आणि कुणी सांभाळायचा, हे ग्राहकाशी होणाऱ्या करारात लिहून घ्या. दोन वर्षांनी पाकिटाचे डिझाइन बदलते आणि तोच कुटुंबाचा शॉट नव्या पॅक शॉटसह पुन्हा हवा असतो. तेव्हा मूळ फाइल कुणाकडे आहे यावरून विनाकारण वितुष्ट येते. मोठ्या संस्था एलटीओ टेपवर (डेटा साठवण्याच्या चुंबकीय फितीवर) कायमची प्रत ठेवतात. एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टीबी मावतात, त्यामुळे तुमच्या एका कामासाठी स्वतःची यंत्रणा घेणे परवडणार नाही. मुंबईतील बहुतेक पोस्ट स्टुडिओ शुल्क घेऊन टेप करून देतात. ते शुल्क अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून दाखवा आणि ग्राहकाने नको म्हटले, तर तसे लेखी घ्या.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मान्य. वाड्यातील रुंद शॉट ४२२ एचक्यू, स्वयंपाकघरातील मसाल्याचे क्लोजअप ४४४४, पॅक शॉट अ‍ॅरीरॉ, स्लो मोशन २०० फ्रेम एचडीत, आणि दोन्ही एसएसडी कायम, असे निर्मात्यांशी आज ठरले. रेंटलने लायसन्स असलेली बॉडी द्यायचे कबूल केले असून शूटच्या आधी कॅमेरा चाचणीसाठी अर्धा दिवसही दिला आहे.

टाइमलाइन

तो अर्धा दिवस फक्त लेन्स तपासण्यात घालवू नका. प्रत्येक सेटिंगची दहा-दहा सेकंदांची क्लिप घ्या, मसाल्याच्या खऱ्या पाकिटासह. ती ठरलेल्या पद्धतीनेच दोन्ही एसएसडीवर उतरवा, प्रॉक्सी करा, तीन शॉट जोडा, डीआयच्या मशीनवर मूळ फाइलशी जुळवा आणि वाहिनीच्या परिपत्रकाप्रमाणे ५० फील्डची मास्टर फाइल काढून एजन्सीमार्फत तपासणीला पाठवा. वेगवेगळ्या कोडेकमधले तीन लाल एकमेकांशेजारी कसे दिसतात, हेही डीआयच्या पडद्यावर तेव्हाच पाहून घ्या, म्हणजे वाड्यातल्या शॉटला ४२२ ठेवायचे की नाही याचा निर्णय शूटच्या आधी बदलता येईल.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नक्की. चाचणीच्या क्लिप आणि वाहिनीचा अहवाल आला की तिन्ही लालांचे स्टिल याच धाग्यावर लावतो.